ग्रॅनाइटच्या नावावर जमा झालेले मॅग्नेशियम

फिनलंडच्या नैऋत्य भागात ओरियार्वी नावाचे एक तळे आहे. १७५७ साली तिथे तांबे सापडले, तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राजवटीखाली होते. खाण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रखडतखडत चालली. तांबे, जस्त, शिसे निघाले. पण भूशास्त्राच्या पुस्तकांत ओरियार्वीचे नाव टिकले ते धातूंमुळे नव्हे, तर धातूंना खेटून असलेल्या दगडांमुळे.

हे दगड विचित्रच. त्यांत कॉर्डिएराइट आणि अँथोफिलाइट ही खनिजे शेजारी शेजारी नांदतात. अशा दगडात मॅग्नेशियम भरपूर असते, कॅल्शियम आणि सोडियम मात्र नावापुरते. ज्वालामुखीतून या घडणीचा लाव्हा सहसा येत नाही, नदीच्या गाळातही असे मिश्रण क्वचितच जमते. मग ते आले कुठून?

पेंटी एस्कोला या तरुणाने १९१४ साली या परिसरावर प्रबंध लिहिला. मूळचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी असल्याने तो दगडाकडे भट्टीतल्या मिश्रणासारखा पाहत असे : अमुक घटक, अमुक उष्णता आणि दाब, तर खनिजे अमुकच. नॉर्वेच्या गोल्डश्मिटने क्रिस्तियानियाजवळ (आजचे ओस्लो) तपासलेल्या दगडांशी त्याने ओरियार्वीची तुलना केली. घटक तेच असूनही खनिजे वेगळी होती, म्हणजे परिस्थिती वेगळी होती. या तुलनेतूनच रूपांतरित खडकांचे ‘फेशीज’ हे वर्गीकरण जन्माला आले. आजही कोणी दगड पाहून तो किती तापला होता हे सांगतो, तेव्हा तो एस्कोलाच्याच वाटेने चाललेला असतो.

मॅग्नेशियमचे श्रेय मात्र त्याने जवळच्या ग्रॅनाइटला दिले. वितळलेला ग्रॅनाइट वर आला, त्यातल्या द्रवांनी मॅग्नेशियम आणि धातू आणले, कॅल्शियम-सोडियम हुसकावून लावले, असा त्याचा तर्क. मला यात एक अडचण नेहमी जाणवते : ग्रॅनाइट स्वतः मॅग्नेशियमच्या बाबतीत कंगाल. ज्याच्या घरात दाणा नाही त्याने गावजेवण घालावे, तसे हे झाले.

१९६७ साली व्हॅलन्स या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने प्रश्न उलटा केला. दगडाची घडण तापताना बदललीच नसेल, तर? ती आधीच बदलून बसली असेल, आणि नंतरच्या उष्णतेने फक्त खनिजे बदलली असतील. जपानमध्ये ‘कुरोको’ म्हणजे काळ्या धातुकाचे तरुण, फारसे न तापलेले साठे होते. समुद्रतळावरच्या ज्वालामुखींपाशी बनलेल्या या साठ्यांभोवती मॅग्नेशियमयुक्त क्लोराइटचे आवरण असते. ते आवरण पुढे कधी गाडले जाऊन पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला तापले, तर क्लोराइट आणि क्वार्ट्झमधून पाणी निघून जाते आणि मागे उरतात कॉर्डिएराइट व अँथोफिलाइट!

१९७९ साली ‘अल्विन’ पाणबुडी पूर्व प्रशांत महासागरात सुमारे अडीच किलोमीटर खोल उतरली, तेव्हा काळ्या धुरासारखे पाणी ओकणाऱ्या चिमण्या दिसल्या. तापमापकाची प्लास्टिकची दांडी त्या पाण्यात वितळली. पाणी साडेतीनशे अंशांच्या घरात होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. या झऱ्यांच्या मूळ उष्ण पाण्यात ते जवळजवळ शून्य. जाता जाता खडकाने ते ठेवून घेतलेले असते. ओरियार्वीचा समुद्र असा सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वीचा.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. एस्कोलाचे म्हणणे खरे मानले तर खाण शोधणाऱ्याने ग्रॅनाइटच्या कडेने भोके पाडत जावे. दुसरे खरे मानले तर जुन्या समुद्रतळाचा थर धरून चालावे, ग्रॅनाइट जवळ असो वा नसो. आपल्याकडे गुजरात-राजस्थानच्या सीमेवर अंबाजी-देरी इथे जस्त, शिसे, तांब्याच्या साठ्यालगत हीच कॉर्डिएराइट-अँथोफिलाइटची जोडी आहे. शोधकांचे आणखी एक आवडते खनिज म्हणजे जस्त असलेले हिरवट गाह्नाइट. स्वीडनच्या फालून खाणीतल्या या खनिजाला रसायनज्ञ गाह्न याचे नाव मिळाले. ते कठीण आणि चिवट असल्याने मूळ खडक झिजला तरी त्याचे कण ओढ्याच्या वाळूत शिल्लक राहतात, आणि ओढ्याने उलट चालत गेले की साठ्याचा माग लागू शकतो.