वाहनांचे रंग आणि बदलती रुची

वाचकहो, एखाद्या बाजारच्या दिवशी उमरीच्या मोंढ्याजवळ पाच-दहा मिनिटे उभे राहा आणि एवढेच पाहा, की समोरून जाणाऱ्या मोटारींचे रंग कोणते आहेत. एक पांढरी जाईल, तिच्यामागे दुसरी पांढरी, मग एखादी राखाडी, आणि पुन्हा पांढरी. मधेच लाल ट्रॅक्टर धडधडत येईल, एसटीची लाल गाडी वळण घेईल. पण घरच्या मोटारी म्हणाल तर बहुतेक पांढऱ्याच. आता हाच रस्ता पोळ्याच्या दिवशी आठवा. बैलांची शिंगे साळून त्यांना हिंगूळ लावलेला, वर बेगड चिकटवलेली, गळ्यात गोंडे, अंगावर झूल. लाल, निळा, हिरवा, पिवळा, एकही रंग सुटत नाही. बैल सजवणारा माणूस तोच आणि मोटार घेणारा माणूसही तोच. मग बैलाच्या शिंगांना चार रंग लावणारा हा गडी मोटार घेताना एकदम इतका सोवळा का होतो?

हा प्रश्न मला सुचला तो शेजारच्या घरातल्या एका भांडणावरून. शेजाऱ्यांनी पहिली मोटार घ्यायचे ठरवले. पैसे कुठून आणायचे यावर घरात वाद झाला नाही. वाद झाला तो रंगावर. मुलाला काळी हवी होती. नात म्हणाली, निळी. आजोबा मात्र हटून बसले. "पांढरीच घ्या. उद्या विकाय काढली तर चार पैसे जास्ती येतेत." मुलगा हसून म्हणाला, "आबा, अजून घेतली नाही अन् विकायची काय काळजी?" तीन दिवस हे चालले. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले, की या तिघांच्या तीन रंगांमागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

उमरी हे मुदखेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे गाव. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचा रंग पिवळा. आसफजाही निशाण पिवळे, आणि त्यावर मधोमध पांढरा गोल. तो गोल म्हणजे कुलचा, असे सांगतात. एका साधुपुरुषाने या घराण्याच्या मूळ पुरुषाला पिवळ्या फडक्यात बांधून कुलचे दिले, अशी त्यामागची आख्यायिका. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी विलायतेतल्या रोल्स-रॉईस कंपनीकडे एक खास मोटार सांगितली. ती तयार होऊन येण्याआधीच, 1911 मध्ये, ते वारले आणि गाडी आली ती सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या दरबारी. आत सिंहासनासारखी उंच बैठक, आणि बाहेरून रंग पिवळा. म्हणजे आपल्या मुलखात मोटारीचा रंग पहिल्यांदा ठरला तो आवडीनिवडीने नव्हे, तर राजसत्तेने. ती पिवळी गाडी मिरवणुकीपुरती बाहेर निघे आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहत. आपण असली गाडी घ्यावी, हा विचार कुणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते.

त्याच सुमारास सातासमुद्रापार अमेरिकेत उलटा प्रकार चालू होता. हेन्री फोर्ड यांनी 1908 मध्ये 'मॉडेल टी' ही मोटार काढली. ती राजांसाठी नव्हती, शेतकरी-कामगारांसाठी होती. सुरुवातीला ती वेगवेगळ्या रंगांत मिळे. पण 1914 पासून 1925 पर्यंत ती एकाच रंगात मिळाली, काळ्या. कारण सोपे होते. तो काळा रंग स्वस्त पडे, टिके, आणि एकच रंग ठेवला की कारखान्यातले कामही झपाट्याने उरके. 1927 पर्यंत अशा दीड कोटीच्या वर गाड्या झाल्या. इथे रंग ठरवला तो राजाने नव्हे, कारखान्याने. पण गिऱ्हाइकाच्या हाती काय आले? तेव्हाही काहीच नाही.

गिऱ्हाइकाला निवड मिळाली ती रसायनशास्त्रामुळे. पूर्वी मोटारीला घोडागाडीसारखाच रोगण लावीत. थरावर थर चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा. या कामात आठवडेच्या आठवडे जात. 1923 च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने 'ड्यूको' नावाचा सेल्युलोजपासून केलेला रंग बाजारात आणला. तो फवाऱ्याने मारता येई आणि तासा-दोन तासांत वाळे. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या या रंगाने निळ्या होऊन रस्त्यावर आल्या. 1927 मध्ये त्या कंपनीने गाड्यांचे रूप आणि रंग ठरवण्यासाठी एक वेगळे खातेच उघडले. दरवर्षी नवा रंग काढायचा, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी आपोआप जुनी दिसू लागते. गाडी झिजण्याआधीच मन झिजवायचे, ही विद्या तेव्हापासूनची. गंमत पाहा, ते 'ड्यूको' नाव आपल्याकडे असे रुजले, की आजही गॅरेजवाला लांबी भरून, पॉलिश पेपर मारून गाडी रंगवतो तेव्हा तो 'ड्यूको' करतो. लोखंडी कपाट रंगवणारासुद्धा तोच शब्द वापरतो. कंपनीचे नाव कुणाला ठाऊक नसते, शब्द मात्र घरचा झाला आहे.

आता आपल्या मुलखाकडे परत येऊ. निजाम स्टेट रेल्वेने 1932 मध्ये 27 बसगाड्या घेऊन रस्ते-वाहतूक सुरू केली. पण गावकऱ्याचे खरे वाहन बैलगाडीच राहिले. मग आले 1948 साल. 30 जानेवारीला मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला, आणि 17 सप्टेंबरला निजामाचे राज्य संपले. पिवळे निशाण उतरले. भारतीय फौजेबरोबर रस्त्यांवर आली ती फौजी हिरव्या रंगाची वाहने. त्या रंगाला मान इतका, की पुढे 1989 च्या मोटार वाहन नियमांत तो रंग संरक्षण खात्यासाठीच राखून ठेवला गेला; खाजगी माणसाला आपली गाडी त्या रंगात रंगवता येत नाही. त्याच 1948 साली, 1 जूनला, तिकडे मुंबई राज्यात पुणे ते नगर पहिली एसटी धावली. आज आपण 'लालपरी' म्हणतो त्या एसटीची ही पहिली गाडी लाल नव्हती; ती निळी होती आणि तिचे छप्पर चंदेरी होते! म्हणजे जे आपल्याला अनादि काळापासूनचे वाटते, तेही मागाहून आलेले असते.

पुढची तीस-पस्तीस वर्षे रंगाच्या बाबतीत तशी मुकीच गेली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अ‍ॅम्बॅसडर होई, मुंबईत कुर्ल्याला फियाट होई, आणि दोन्हींसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. स्कूटरसाठीसुद्धा वर्षानुवर्षे रांग. ज्याचा नंबर लागला त्याने रंगाची तक्रार करायची नसते. गाडी आली हेच भाग्य. त्या काळात एकच रंग ठसठशीत अर्थ घेऊन उभा राहिला, तो म्हणजे पांढरा. पांढरी अ‍ॅम्बॅसडर आणि वर लाल दिवा दिसला, की तालुक्याच्या रस्त्यावरची माणसे बाजूला सरत. आत साहेब असो की मंत्री, खादीसारखाच गाडीचाही पांढरा रंग अधिकाराचा झाला. मुंबईच्या टॅक्सीने काळा-पिवळा घेतला तो पोटापाण्याचा; सरकारने पांढरा घेतला तो रुबाबाचा. पुढे अ‍ॅम्बॅसडर 2014 मध्ये बंद झाली, लाल दिवा 1 मे 2017 पासून गेला, आणि मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. वाहने गेली, पण त्यांनी मनावर चढवलेले रंग गेले नाहीत.

1983 च्या डिसेंबरात मारुतीची छोटी मोटार आली आणि मध्यमवर्गाच्या अंगणात गाडी उभी राहू लागली. हळूहळू रांग संपली, कंपन्या वाढल्या, आणि रंगांचे तक्ते गिऱ्हाइकापुढे आले. रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण मिसळून तो चमकवायचा आणि वर काचेसारखा पारदर्शक थर द्यायचा, ही पद्धत रूढ झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगभर चंदेरी रंगाची लाट आली; नव्या यंत्रयुगाचा तो रंग वाटे. दहा वर्षांत ती ओसरली, आणि 2011 च्या सुमारास पांढऱ्याने जगात पहिला नंबर घेतला. पांढरे संगणक आणि पांढरे फोन हाती आले, म्हणून पांढरा पुन्हा आधुनिक वाटू लागला, असे रंगाच्या धंद्यातले जाणकार सांगतात. आज जगात विकल्या जाणाऱ्या दहा मोटारींपैकी जवळजवळ आठ पांढऱ्या, काळ्या, राखाडी किंवा चंदेरी असतात. रंग मिळवायला माणसाने एवढी खटपट केली, आणि हवा तो रंग मिळू लागल्यावर त्याने घेतले काय, तर बिनरंगाचे रंग!

असे का व्हावे? मला वाटते, रुची बदलते ती दोन पायांवर चालत. एक पाय पुढे पडतो तो चारचौघांपेक्षा वेगळे दिसावे म्हणून. दुसरा पडतो तो चारचौघांत खपावे म्हणून. एखादा रंग आधी थोडे लोक घेतात, मग त्यांचे पाहून पुष्कळ घेतात, आणि पुष्कळांनी घेतला की पहिले थोडे तो सोडून पुढे जातात. साडीच्या काठाचे, फेट्याच्या रंगाचे हेच होते. पण साडी दोन-अडीच हजारांत येते, मोटार काही लाखांत. जिथे पैसा मोठा तिथे भीती मोठी. आणि भीती मोठी, तिथे माणूस दुसऱ्याच्या आवडीने निवडतो. आमचे आजोबा पांढरी मागत होते ती स्वतःसाठी नव्हे, पुढे कधीतरी ती गाडी विकत घेणाऱ्या अनोळखी माणसासाठी. बैल मात्र आपला असतो. त्याच्या शिंगांचा रंग ठरवताना पुढच्या गिऱ्हाइकाचा विचार कोणी करीत नाही.

एवढे म्हणून आजोबांना हसायला मात्र मी तयार नाही. त्यांच्या पांढऱ्याला दुसरीही दोन कारणे आहेत, आणि ती भक्कम आहेत. पहिले ऊन. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एक काळी आणि एक चंदेरी मोटार तासभर उन्हात ठेवून मोजमाप केले. चंदेरी गाडीतली हवा काळीपेक्षा पाच-सहा अंशांनी थंड निघाली. चंदेरीचे जे, तेच पांढऱ्याचे. नांदेडकडच्या वैशाखात पाच-सहा अंश म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. दुसरे कारण त्याहून मोठे, जिवाचे. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने 2007 मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पांढऱ्या गाडीपेक्षा काळ्या गाडीला अपघाताचा धोका अधिक असल्याचे आढळले. गडद गाडी डांबरी रस्त्याच्या रंगात मिसळून जाते आणि समोरच्याला ती उशिरा दिसते.

आणि या बाबतीत मोटारवाल्यांपेक्षा ट्रॅक्टरवाल्यांना सांगायचे आहे. ट्रॅक्टरचे तोंड लाल असो, निळे असो. रात्री मागून येणाऱ्याला ते दिसतच नाही. त्याला दिसायला हवी ती मागची ट्रॉली, आणि ती बहुधा मातीने माखलेली, बिनदिव्याची असते. उसाच्या दिवसांत अशा ट्रॉलीवर आदळून किती घरे बसली, ते आपण जाणतोच. पोळ्याला शिंगे रंगवतो तशी ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी लावा. तिला फार पैसे पडत नाहीत, आणि फॅशन बदलली म्हणून तिचा उपयोग कमी होत नाही.

शेजारच्या भांडणाचे काय झाले, हे विचाराल. चौथ्या दिवशी आजोबांनी उन्हाचे कारण सांगितले, मुलाने काळीचा हट्ट सोडला. पण नातीची समजूत पटेना. "सगळ्यांच्या पांढऱ्याच हायेत, मग आपली कोणती ते कसं कळायचं?" तिच्या या प्रश्नाला कुणाजवळ उत्तर नव्हते. शेवटी गाडी आली ती फिकट आकाशी. उन्हाला बरी, रात्री दिसणारी, आणि शाळेच्या फाटकातून नातीला दुरून ओळखता येणारी. विकताना दोन पैसे कमी येतील, हे आजोबांनी मान्य केले आणि म्हणाले, "येऊ द्या. बैल विकतानाबी कुणी शिंगाच्या रंगाचे पैसे दिले नव्हते."

वाचकहो, तुमच्या दारात गाडी येईल तेव्हा रंगाचा तक्ता हाती घेऊन स्वतःला एवढेच विचारा, की हा रंग ठरवतो आहे कोण? राजा गेला, कारखान्याची सक्ती गेली, रांगही गेली. आता ठरवणारे आपणच आहोत. ऊन पाहून ठरवा, रात्रीचा रस्ता पाहून ठरवा, आणि त्यानंतर थोडी जागा उरलीच, तर ती आपल्या आवडीला द्या.