चवदार तळ्याचें पाणी

महाड ही तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील बाजारपेठ. तेथें आलेल्या अस्पृश्याला तहान लागली, तर चवदार तळें सोडून दूरच्या अस्पृश्यवस्तींतील विहीर गांठावी लागे. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांसहि मोकळे व्हावेत, असें ठरलें. महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें खुलें केलें, पण कागदावर! २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तेथें पाणी प्याले, तेव्हां मारहाण झाली. मग त्याच पाण्यांत शेण व गोमूत्र ओतून तें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. आरोग्यशास्त्रास ही शुद्धि नवीनच! सवर्णांनीं वहिवाटीचा दावा लावला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें त्यांचें अपील फेटाळलें. ती वहिवाट अनादि असल्याचें सिद्ध झालें नव्हतें.