साथ नवी, अट जुनी

कोरोना गरीब-श्रीमंत बघत नाही, हे तेव्हा फार ऐकलं. मला ते पटलं नाही. अमेरिकेतली नर्सिंग होमच बघा. तिथे नर्सिंग होम म्हणजे आपल्यासारखं छोटं हॉस्पिटल नव्हे. परावलंबी म्हाताऱ्यांनी कायमचं राहायची जागा.

१९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने गरीब वृद्धांना मदत दिली, पण सरकारी गरीबगृहात राहणाऱ्यांना ती नाकारली. म्हातारे खासगी घरांकडे वळले, त्यातून हा धंदा वाढला. १९६५ला मेडिकेअर आलं, पण ते कायमच्या मुक्कामाचा खर्च देत नाही. साठवलेले पैसे संपले की उरतं गरिबांसाठीचं मेडिकेड, आणि त्याचा दर खासगीपेक्षा कमी. मग जिथे जवळपास सगळेच मेडिकेडवाले, तिथे नर्स कमी आणि तपासणीत दोष जास्त. २००४मध्ये व्हिन्सेंट मोर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशी होम सुमारे १५ टक्के आहेत. नर्सिंग होममधल्या कृष्णवर्णीयांपैकी ४० टक्के तिथेच राहत होते, गोऱ्यांपैकी फक्त ९.

२०२०च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडला साथ फुटली. कर्मचारी आजारी असूनही कामावर येत होते, एकाहून जास्त होममध्ये राबत होते, हे तपासात दिसलं. त्यांना दोष देऊन काय होणार? पगार तुटपुंजा, रजा घेतली की पैसे गेले. माणूस दोन ठिकाणी राबणारच, आणि विषाणू त्याच्यासोबत फिरणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: साथीचा हिशोब मांडताना आधी दर आणि पगार विचारा.