शाळा अंगणात गेली, त्याची गोष्ट

शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्याला प्रशिक्षणाच्या काळात केव्हा ना केव्हा विचारले जातेच: 'तुमचे शैक्षणिक तत्त्वज्ञान काय?' उत्तरे बहुधा ठरलेली असतात. रूसो, फ्रोबेल, ड्युई, गांधीजी यांची नावे येतात, 'बालक हे शिक्षणाचे केंद्र आहे' हे वाक्य येते आणि वही मिटते. पुढे प्रत्यक्ष वर्गात उभे राहिल्यावर त्या वाक्याचे करायचे काय, हे कळत नाही. मग थोरांचे विचार वाचायचे कशासाठी? आणि त्यातून स्वतःचा विचार घडतो तरी कसा? यासाठी आपण आपल्याच मातीतले एक उदाहरण पाहू. ते आहे ताराबाई मोडक यांचे.

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. म्हणजे पद होते, मान होता. तरीही १९२३ मध्ये त्या भावनगरच्या 'दक्षिणामूर्ती' संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया माँटेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीचे धडे घेतले ते इथे. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार उघडले.

माँटेसरी पद्धतीचे मर्म काय, ते एका साधनावरून समजून घेऊ. 'गुलाबी मनोरा' म्हणजे दहा लाकडी घन. सर्वांत लहान घनाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १०. रंग एक, आकार एक, लाकूडही एकच. बदलते ते फक्त मोठेपण. विज्ञानाच्या प्रयोगात आपण बाकीचे घटक स्थिर ठेवून एकच बदलतो, तसेच हे आहे. माँटेसरी मूळच्या डॉक्टर होत्या, याची इथे आठवण होते. मूल घन रचते, चुकले तर ते त्याच्याच डोळ्यांना खटकते आणि ते स्वतःच दुरुस्त करते. बाईंनी 'चूक!' म्हणण्याची गरज उरत नाही. मात्र असे घन मापात कापावे लागतात, म्हणून ते महाग पडतात.

दादरच्या शिशुविहारात ही पद्धत चांगली रुजली होती. पण त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी गावी गेल्या आणि तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ याच काळात त्यांना येऊन मिळाल्या. इथे दोन अडचणी उभ्या राहिल्या. एक, महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. दुसरी अधिक बिकट. ज्यांच्यासाठी शाळा काढली, ती गरीब वस्त्यांतली मुलेच शाळेत येत नव्हती.

अशा वेळी 'लोकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही' असे म्हणून मोकळे होता आले असते. ताराबाईंनी मुलांकडे नव्हे, पद्धतीकडे बोट दाखवले. लाकडी साधनांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले यांनी घेतली. यात काही हातचे गेले, हे मान्य करायला हवे. खड्यांना नेमके माप नसते, त्यामुळे घनांसारखी चूक लगेच उघडी पडत नाही. पण काही नवे मिळालेही. साधन शोधून आणणे हाच मुलांचा अभ्यास होऊ शकला. साधन बदलले, पण 'मूल स्वतःच्या हातांनी आणि डोळ्यांनी शिकते' हे मूळ सूत्र टिकले.

दुसऱ्या अडचणीचे उत्तर आणखी सरळ होते. मूल शाळेपर्यंत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात जाईल. वस्तीतच, तिथल्या लोकांच्या सोयीच्या वेळी बालवाडी भरू लागली. हीच अंगणवाडी. १९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले, तेव्हा हेच सूत्र पुढे वाढले. थोरली बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात घ्यायची. त्या रचनेला 'विकासवाडी' म्हणत. मुले गुरे चारायला जातात? मग शिक्षकाने कुरणात जायचे. ही 'कुरणशाळा'.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. पण शब्द पोचला म्हणजे विचारही पोचला, असे होत नाही. पाटी लावली आणि आतल्या मुलाकडे पाहिलेच नाही, तर ती अंगणवाडी नावापुरतीच उरते. प्रशिक्षणाच्या वहीतल्या 'बालककेंद्री' या शब्दाचेही असेच आहे.

या इतिहासातून आपण घ्यायचे काय? ताराबाईंनी गुरूंचा विचार आधी मनापासून आत्मसात केला. मग तो वेगळ्या परिस्थितीत नेऊन तपासला. जिथे तो तोकडा पडला, तिथे त्यातले काय सोडता येईल आणि काय सोडून चालणारच नाही, हे ठरवले. वैज्ञानिक आपल्या गृहीतकाशी याहून वेगळे वागत नाही.

तेव्हा 'माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान' लिहायला बसताना आपण एक करून पाहू. मोठा निबंध नको. मुले कशी शिकतात याविषयी आपल्याला पटलेले एकच वाक्य लिहू. त्याखाली लिहू, की वर्गात काय दिसले तर हे वाक्य खोटे ठरेल. मग वर्षभर जे दिसेल ते तारीखवार टिपू. विशेषतः त्या मुलांविषयी, जी गप्प बसतात किंवा येतच नाहीत. वर्षअखेरीस ते वाक्य पुन्हा वाचू आणि गरज पडली तर बदलू. बोर्डीतही सुरुवात न येणाऱ्या मुलांपासूनच झाली होती.