१६२५ : एका उपेक्षित व्हॉल्व्हची कथा

कल्याण ते इगतपुरी लोहमार्ग १९३० च्या सुमारास विजेवर आला. आसनगाव, खर्डीवरून विजेच्या गाड्या धावू लागल्या. पण वाचकहो, त्याच तारांच्या आसपास शहापूर तालुक्यातल्या किती तरी खेड्यांत पुढे कित्येक वर्षे रॉकेलचाच दिवा होता. मुरबाडला तर रेल्वेही नव्हती. मग म्हसा येथील यात्रेसारख्या गर्दीत आवाज पोचवायचा कसा? अशा जागी मोटारीच्या बॅटरीवर चालणारा ध्वनिवर्धक हवा.

१९४५ साली महायुद्ध संपले, आणि लष्करी रेडिओचे सामान स्वस्तात विकायला निघाले. त्यात अमेरिकन विमानांच्या प्रेषकयंत्रांतला '१६२५' हा व्हॉल्व्ह होता. प्रसिद्ध '८०७' चा हा सख्खा भाऊच म्हणा ना! फरक एवढाच, की ८०७ चा हीटर ६.३ व्होल्टवर तापतो, याचा १२.६ वर, आणि पायही पाचांऐवजी सात. नेहमीचा सॉकेट बसेना, ट्रान्सफॉर्मर जुळेना, म्हणून तो मागे पडला. बारा व्होल्टच्या बॅटरीला मात्र तो जणू मापाने बेतलेला.

प्लेटला लागणारे तीन-चारशे व्होल्ट बॅटरी थेट देत नाही; त्यासाठी व्हायब्रेटर किंवा डायनामोटर लागतो. आणि इथेच जिवाशी गाठ असते. यंत्र बंद केले तरी कंडेन्सरमध्ये तो दाब राहू शकतो. तो उतरवणारा रोधक बसवल्याशिवाय आत हात घालू नये.

पुढे ट्रान्झिस्टर आले. त्यांना हीटर नको, बारा व्होल्टही पुरत. व्हॉल्व्ह अडगळीत गेले. आज गिटारचे ॲम्प्लिफायर घरी बांधणारे हौशी लोक असलेच व्हॉल्व्ह शोधतात. जोर वाढवला की फाटणारा आवाज त्यांना गोड लागतो. यात्रेत भोंगा असा फाटला असता, तर लोकांनी नावे ठेवली असती!