घासलेल्या डॉलरची साक्ष

‘प्रूफ’ नाणं म्हणजे चकचकीत नाणं, असं आपण सहज समजतो. पण प्रूफ ही बनवण्याची पद्धत आहे. ठसा पॉलिश केलेला, चांदीची चकतीही चकाकवलेली, छापताना दाब जास्त. अशी नाणी टांकसाळ संग्राहकांसाठी पाडते. त्यातलं एखादं कुणी बाजारात खर्च केलं आणि ते वर्षानुवर्षं हातोहात फिरलं, तर? आरसा जातो, चेहरा सपाट होतो. नाणं मात्र प्रूफच राहतं.

याच मुद्द्यावर अमेरिकेच्या नाण्यांच्या इतिहासातला एक प्रश्न अडून बसलाय. १८९५ च्या मॉर्गन डॉलरबद्दल फिलाडेल्फिया टांकसाळीच्या नोंदी सांगतात : ८८० प्रूफ आणि १२,००० साधी नाणी. त्या बारा हजारांपैकी सर्वमान्य ठरलेलं एकही नाणं आज सापडत नाही. गेली कुठे?

एक तर्क असा, की ती वितळवली गेली. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानात आली, कारण महायुद्धात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागत होते आणि सरकारकडची चांदी संपत आली होती. म्हणजे ते डॉलर मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत रुपये झाले असतील! दुसरा तर्क जास्त रुक्ष आहे : आर्थिक वर्ष जूनअखेर संपत असल्याने १८९४ साल कोरलेली नाणी १८९५ च्या हिशेबात चढली असावीत.

म्हणूनच घासलेला १८९५ चा डॉलर समोर आला की पहिला प्रश्न येतो : हा हरवलेल्यांपैकी, की खर्च झालेला प्रूफ?

आधी खोटेपणा तपासायचा. त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्स आणि सॅन फ्रान्सिस्कोतही डॉलर पडले, त्यांच्या मागच्या बाजूला फितीखाली ‘ओ’ किंवा ‘एस’ असतो. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षर नसतं. ते खरवडून टाकलं की नाणं ‘दुर्मीळ’ होतं, त्यामुळे ती जागा भिंगाखाली पाहावीच लागते.

मग अक्षरांच्या मधल्या फटी. मोबाइल कव्हरचा मूळ रंग जसा कोपऱ्यात टिकतो, तशी आरशासारखी झाक अक्षरं आणि आकड्यांच्या आडोशाला उरलेली असू शकते. कडही प्रूफमध्ये जास्त चौकोनी, धारदार असते, पण झिजेत ती आधी जाते. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे सालाची जागा. त्या काळी प्रत्येक ठशात साल वेगळं ठोकलं जाई, त्यामुळे आकडे किंचित सरकत. ते सरकणं घासून बदलत नाही. न झिजलेल्या प्रूफशी जागा जुळली, की ठसा ओळखला गेला.

दर्जा त्यानंतर. विल्यम शेल्डनच्या १९४९ च्या पुस्तकातून आलेली १ ते ७० ची मोजपट्टी प्रूफलाही लावतात. ६० च्या खाली आलेला प्रूफ म्हणजे इजा झालेला. ‘प्रूफ-२०’ हे वाचायला विचित्र वाटतं, पण त्यात दोन वेगळी विधानं आहेत : ‘प्रूफ’ हा शब्द जन्म सांगतो, २० हा आकडा आयुष्य.

नोंदवहीतल्या बारा हजारांच्या बाजूने अजून एकही नाणं उभं राहिलेलं नाही. अधिकृत आकडा खोडायला दुसरा कागदच लागतो असं नाही. हातोहात झिजलेली चांदीही साक्ष देते.