हातापायांच्या मोठ्या जखमा आणि सूक्ष्मशस्त्रक्रिया

वाहनाच्या अपघातात किंवा यंत्रात सापडून झालेल्या काही जखमांमध्ये हाता-पायाची त्वचा व स्नायू मोठ्या प्रमाणात नष्ट होतात आणि हाड उघडे पडते. नडगीच्या खालच्या भागात हाडावर मांस कमी असल्याने तेथील जखमा विशेष बिकट ठरतात. आवरण निघून गेलेल्या हाडावर साधे त्वचारोपण टिकत नाही. कारण रोपलेल्या त्वचेला तळातून रक्त मिळावे लागते.

अशा वेळी 'फ्री फ्लॅप' ही सूक्ष्मशस्त्रक्रिया उपयोगी पडते. मांडी किंवा पाठीवरील त्वचेचा अथवा स्नायूचा भाग त्याच्या रोहिणी व नीलेसह सोडवून जखमेवर बसवतात. त्या रक्तवाहिन्या जखमेजवळील निरोगी वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. वाहिन्यांचा व्यास बहुधा १ ते ३ मिलिमीटर असतो, तर टाक्यांचा धागा केसाहूनही बारीक असतो. पायाच्या जखमेवर दुरून आणलेली त्वचा अशा रीतीने बसवण्याची यशस्वी शस्त्रक्रिया १९७३ मध्ये मेलबर्न येथे झाली.

या उपचारात वेळेला किती महत्त्व आहे, हे ल्युब्लियाना येथील शल्यचिकित्सक मार्को गोदिना यांनी दाखवून दिले. त्यांचा ५३२ रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या ७२ तासांत जखम झाकलेल्या रुग्णांमध्ये फ्लॅप निकामी होण्याचे प्रमाण ०.७५ टक्के, तर जंतुसंसर्गाचे १.५ टक्के होते. ७२ तास ते तीन महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया झालेल्यांत हेच आकडे १२ आणि १७.५ टक्के होते. पुढे निर्वात ड्रेसिंगमुळे ही मुदत काहीशी सैल झाली. तथापि मृत ऊती पूर्णपणे काढून जखम लवकर झाकावी, हे तत्त्व कायम आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस निर्णायक असतात. जोडलेल्या वाहिनीत गुठळी झाल्यास फ्लॅप निळसर, फिकट किंवा थंड पडतो व तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच त्याचा रंग व उष्णता वारंवार तपासतात. धूम्रपान पूर्णतः वर्ज्य असते.

प्रत्येक अवयव वाचवता येतोच असे नाही. रुग्णाच्या जिवाला प्राधान्य द्यावे लागते. अपघातस्थळी जखमेवर स्वच्छ कापड दाबून रक्तस्राव थांबवावा, हळद किंवा माती लावू नये आणि जखमीला शक्यतो अस्थिशल्यचिकित्सक व प्लॅस्टिक सर्जन दोघेही उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे.